छत्रीवाल्या म्हातारीची लाथ

...नाही, मला एक सांगा, एवढा चांगला माणूस जगात असावा का? असावा का? वैताग आहे नुसता! तुम्ही डोकं लढवून, मेहनत घेऊन एखाद्याला पिडायला जावं, आणि त्यानं उलट दोन पानं उत्तर लिहावं! मग पिडणाऱ्यानं जगायचं कसं?

तुम्हाला सांगतो, आमच्या घरी एक कॉम्प्युटर आहे, माझ्यापेक्षा वयानं मोठा, आणि त्यावर धड चालतो एकच गेम, 'आडवा पाड'. मारामारीचा. दोघांनी एकाच कीबोर्डवर खेळायचा, डावीकडची बटणं माझी, उजवीकडची ताईची. मी घेतो लोहार, हे एवढाले दंड! ताई घेते छत्रीवाली म्हातारी. आणि ती म्हातारी खाली बसून एक लाथ घालते... एकच! की लोहार धप्प! अहो, मी अडवायचं बटण दाबतो ना! बोट मोडेस्तोवर दाबतो! पण लोहार आपला ढिम्म, फोटो काढून घ्यायला उभा राहिल्यासारखा. चारशे बारा वेळा हरलोय, चारशे बारा! ताईनं कपाटाच्या दाराला आतून रेघा मारून ठेवल्यात. आणि आता ही बया पुढच्या रविवारी नोकरीला चालली परगावी. म्हणजे तिला एकदा, फक्त एकदा हरवायचं तर हातात दिवस किती? दहा! नाहीतर जन्मभर फोनवर ऐकायचं, "काय रे चारशे बारा, जेवलास का?"

मग मी शोध लावला, की ह्या गेमचं इंटरनेटवर एक पान आहे, 'काही अडचण असल्यास लिहा'. पंचवीस वर्षांपूर्वी एकट्या माणसानं बनवलेला गेम, म्हटलं आता कोण वाचतंय! ठोकून दिलं, निवृत्त न्यायाधीश बनून. "सदर म्हातारीची लाथ अडवता येत नाही, हा अन्याय असून आपण गेमचा सोर्स कोड आमच्याकडे जमा करावा." सोर्स कोड म्हणजे ज्या ओळी लिहून गेम बनवला, त्या सगळ्या. बेत साधा होता, कोड हातात आला की लाथेची ताकद दहाची शून्य करायची. नववीत दोनदा बसलोय मी, पण शून्य मला चांगलं येतं.

आणि माणसानं उत्तर दिलं! दुसऱ्या दिवशी! "महोदय, मी लिफ्ट दुरुस्तीचं काम करतो, जेवणाच्या सुट्टीतच लिहायला मिळतं, उशिराबद्दल माफ करा." उशीर! एका दिवसाला उशीर म्हणतो हा! पुढे म्हणे, "घरात पाणी शिरलं तेव्हा कोडाची एक प्रत गेली, एक आहे. पण त्या लाथेचं जरा नीट सांगाल का?"

मला चेव आला. दातांचा डॉक्टर बनून लिहिलं, "ह्या लाथेनं माझ्या पेशंटचे दात हलतात." आणि माणसानं उत्तर दिलं! "डॉक्टर, दातांचं तुम्हाला जास्त कळतं, पण लाथ बसली तेव्हा लोहार उभा होता की वाकलेला?" मग जुळ्या मुलांची आई झालो, "म्हातारीला बघून माझी लेकरं रडतात हो!" आणि माणसानं... दिलंच! "ताई, ही म्हातारी मी माझ्या आईवरून काढली. तीही छत्रीच उगारायची, पण एकदाही मारली नाही. मुलांना तेवढं सांगा." आता ह्यावर काय करायचं? मी तर दोन मिनिटं नसलेल्या जुळ्यांची समजूत काढत बसलो!

वर शहाणपणा म्हणून तिघांच्या नावानं स्क्रीनचे फोटोही पाठवले, पुरावा म्हणून. तर चौथं पत्र, तिघांना मिळून एकच. "न्यायाधीशसाहेब, डॉक्टर, जुळ्यांच्या आई, तिन्ही फोटोंत कीबोर्डशेजारी एकच काणं मांजर बसलंय. तुम्ही ते आळीपाळीनं वापरता का?"

मेलो! तुम्हाला सांगतो, मला लाज म्हणून वाटत नाही, आईला विचारा, पण त्या दिवशी कान तापले. कारण खाली ओरडा नव्हता, धमकी नव्हती, नुसतं लिहिलं होतं, "लाथेचं मात्र अजून कुणीच नीट सांगितलं नाही."

मग सांगितलं. सगळं. ताई, रविवार, कपाटातल्या रेघा. आणि माणसानं काय उत्तर दिलं म्हणता! "ताई खाली बसून लाथ मारते तेव्हा तिची दोन बटणं दाबलेली असतात. त्याच क्षणी तू तिसरं दाबतोस. पुष्कळ कीबोर्ड ठरावीक तीन बटणं एकदम दाबली की तिसरं पुढे कळवतच नाहीत. तू अडवत होतास, पण गेमला कळतच नव्हतं. चूक माझी. बनवला तेव्हा दोन्हीकडून मीच खेळायचो, आधी इकडे, मग तिकडे. समोर कधी कुणी बसलंच नव्हतं."

...हं. वाचलं, आणि पुन्हा एकदा वाचलं.

बरं, इथं थांबेल तो माणूस कसला! बटणं वाचणाऱ्या अकरा ओळी, खऱ्याखुऱ्या सोर्स कोडातल्या, प्रत्येक ओळीपुढे सोपा अर्थ लिहून पाठवल्या. आणि मला कळल्या हो! आमच्या गणिताच्या सरांना सांगू नका, त्यांना धक्का बसेल. शिवाय माझं अडवायचं बटण दुसरीकडे हलवून अख्खा गेम नव्यानं बांधून दिला, पंचवीस वर्षांनी, एका टवाळ पोरासाठी, डबा खाता खाता! आणि त्या पानावर लिहिलं, "चूक सापडली. न्यायाधीश, डॉक्टर, जुळ्यांची आई आणि मांजर यांचे आभार."

शनिवारी दुपारी ताईला बसवलं समोर. तिची बॅग भरून दाराशी. म्हातारी खाली बसली, लाथ आली, मी बटण दाबलं, आणि लोहारानं अडवली! अडवली हो! ताई ओरडली, "अरे! हे कसं काय?" मी कॉलर ताठ केली, तिच्याकडे बघून हसलो... आणि तेवढ्यात म्हातारीनं छत्री मारली. धप्प!

मी जेवणाच्या सुट्टीच्या वेळेला बरोबर लिहिलं, "साहेब, छत्रीतही चूक आहे." आणि माणसानं उत्तर दिलं, "तीनदा तपासलं. छत्रीत काही चूक नाही. ताई छान खेळते."

झालं! आजवर चारशे बारा वेळा मी कीबोर्डमुळे हरलो होतो. चारशे तेराव्यांदा मात्र, तुम्हाला सांगतो, संपूर्णपणे स्वतःच्या कर्तबगारीवर हरलो.