त्र्यंबक कासाराची मोडलेली एकादशी

या, पुढं सरका मंडळी. खांबाला टेकलेले बाबा, तुम्हीही या. एकादशीची भूक कीर्तनात विसरते, घड्याळाकडं बघून नाही! एक गोष्ट सांगतो. पण आधी प्रश्न — दान केलं, आणि ते कुणाच्या पदरात पडलं हे जन्मभर कळलंच नाही, तर ते दान घडलं का? माना डोलवू नका. आधी ऐका!

वडूजच्या पेठेत त्र्यंबक कासार बांगड्या भरायचा. हात इतका हलका, की पोरी रडायचं विसरत. आणि एकादशी निर्जळी! पाण्याचा थेंब नाही. त्याचा त्याला थोडा — थोडाच हं — अभिमानही होता.

शेजारच्या मंदाताईंची लहानगी रेवती दर संक्रांतीला त्याच्यापुढं हात करायची. यंदा आली नाही. चौकशी केली, तर पोर साताऱ्याला दवाखान्यात, अंगात ताप. मंदाताईंनी सांगितलं, रोगाशी लढायची ताकद तिच्या रक्तात जन्मापासूनच तयार होत नाही. असा आजार फार थोड्यांना होतो. औषध आहे, पण ते होतं माणसाच्या रक्तातल्या पिवळसर पाण्यातून. प्लाझ्मा म्हणतात त्याला. हजारो माणसांनी तो द्यावा, तेव्हा ते औषध व्हावं! आणि या खेपेला ते कुठंच मिळत नव्हतं.

त्र्यंबकाला चैन पडेना. गिऱ्हाईकाच्या हातात भलत्याच मापाची बांगडी चढवायला लागला. शेवटी ठरवलं, आपणच प्लाझ्मा देऊ पोरीला. आणि दिवस कुठला निवडला? एकादशी! म्हणजे पुण्य दुप्पट. हसता काय? तुम्हीही तोच निवडला असता!

साताऱ्याच्या रक्तपेढीत सिस्टरनी विचारलं, काय खाऊन आलात? हा छाती काढून म्हणाला, "कालपासून पाणीसुद्धा नाही." त्याला वाटलं, बाई हात जोडतील. बाईंनी यंत्राची नळी बाजूला ठेवली. उपाशीपोटी घेता येत नाही, चक्कर येईल. उद्या जेवून या, म्हणाल्या.

"येतो उद्या."

"या काका. उद्या म्हणून गेलेले फारसे दिसत नाहीत, एवढंच."

बाकावर बसला. उठला. दारापर्यंत गेला, परत आला. इकडं जन्माची एकादशी, तिकडं रेवतीचं रिकामं मनगट! पांडुरंगा, कुठं आणून उभं केलंस? — आणि माठाकडं गेला. घटाघटा पाणी प्याला. कोपऱ्यावरच्या खानावळीत पोळीभाजी खाल्ली.

तपासण्या झाल्या. खुर्चीत बसला, बाही वर केली आणि विचारलं, "संध्याकाळपर्यंत रेवतीला मिळेल ना?"

"नाही काका. हा पुष्कळांच्या प्लाझ्मात मिसळणार, मग औषध होणार. महिने लागतात. कुणाला मिळेल, मलाही सांगता यायचं नाही."

घ्या! मग एकादशी मोडली कुणासाठी? त्र्यंबकानं बाही खाली ओढली. उभा राहिला. पाय मात्र दाराकडं वळेनात.

"सिस्टर, आजवर रेवतीला जे मिळालं, ते कुणाचं होतं?"

"ते तरी कुणाला ठाऊक?"

म्हणजे कुणीतरी असंच खुर्चीत बसून गेलं होतं, मंडळी. रेवतीचं नावही न विचारता. त्र्यंबक खाली बसला, बाही पुन्हा वर केली. म्हणाला, "घ्या. पण हळू हं बाई. मी पोरींना दुखू देत नाही."

होळीच्या सुमारास रेवती दुकानात आली. औषध मिळालं होतं — कुणाचं, देव जाणे! तिनं हात पुढं केला. त्र्यंबकानं हिरव्या बांगड्या भरल्या, आणि एक जास्तच चढवली.

आता तुमच्याकडं वळतो. आत्ता उठून कुणी रक्तपेढीत पळू नका, उपाशी आहात! उद्या पारणं फेडा, पोटभर जेवा, भरपूर पाणी प्या आणि मग जाऊन विचारा, माझं चालेल का? डॉक्टर काय ते सांगतील. ते दान घडलं का, हे मला विचारू नका. रेवतीचं मनगट बघा. आणि उद्या पहिला घास तोंडात घालण्याआधी एवढं करा — जिचं नाव तुम्हाला कधीच कळणार नाही, अशा एका पोरीची आठवण ठेवा.