नदीपलीकडचं गाणं

१९६८ साल. पिंपरीच्या बसथांब्यावर सुभद्राबाईंच्या पुढे खाकी कपड्यातले पन्नाशीचे दोघे बोलत होते.

“जयसिंगराव, आपल्या कंपनीतल्या जर्मन साहेबानं लढाईच्या आठवणी लिवल्या. पुस्तक छापून आलं.”

“हरलेल्याचं पुस्तक? इटलीत आमी जिंकलो, भिवा. मला कुनी इचारलं न्हाई.”

“तुमी कुठं लिवलंत?”

“त्याला खुर्ची हाय. मी गेटवर उभा.”

“दुभाष्यानं कँटीनमधी वाचून दाखवलं. नदीपलीकडनं एक हिंदी शिपाई रोज सांजच्याला गायचा, म्हनं. ते संपेस्तोवर जर्मनांतलं कुनी गोळी झाडत नव्हतं.”

“कंची नदी?”

“इटलीतलीच, सेनिओ का काय.”

“...त्यो मीच, भिवा. आईच्या जात्यावरच्या ओव्या म्हनायचो.”

“काय सांगता!”

“आवाजाचं काय लिवलंय?”

“लई गोड, म्हनं.”

“अन् नाव?”

“नाव त्याला कसं ठावं असंल?”

“रोज सलाम ठोकतो की त्याला! माझं गानंबी त्यानंच नेलं.”

बस आली. सुभद्राबाई चढल्या, भिवाही चढला; जयसिंगराव मात्र मागे वळले.

“अवो, माघारी कुठं निघालात?”

“साहेब अजून हापिसात हाय. गाऊनच दाखवतो.”