मुद्देमालातली लस

नाव: पर्पेच्युआ अवुओर ओकेलो, वय ४७ वर्षे, धंदा: नर्स, राहणार ओसिरी किनारा, काउंटी दवाखान्यामागे, केनिया.

समक्ष विचारल्यावरून सांगते की, ओसिरीच्या दवाखान्यात मी अकरा वर्षे एकटीच नर्स आहे. लस केंद्र सरकार देते. लशीचा फ्रिज गॅसच्या सिलिंडरवर चालतो, तो गॅस काउंटी, म्हणजे जिल्ह्याचे सरकार, देते.

गेल्या गुरुवारी गॅस संपला. काउंटीचे पुरवठा अधिकारी बराक ओदोंगो यांना मी फोन केला. ते म्हणाले, "सिस्टर, राजधानीतून आमच्या पैशांचा वाटाच आला नाही. गॅस काय खिशातून काढू?" मग राजधानीत आरोग्य खात्याला लावला. तिथल्या बाईंनी ऐकवले, "मागच्या वाट्याचा हिशेब तुमच्या काउंटीनं दिलाय का? आमचं काम लस देणं. ती दिली." शेजारच्या किनाऱ्यावर गोवर आला आहे, हे मी दोघांनाही सांगितले होते. दोघांनीही हात झटकले.

त्याच दुपारी मी गोवराच्या लशीची पेटी मासेवाली नेरिया हिच्या बर्फाच्या खोक्यात ठेवली. ती म्हणाली, "ठेव गं, मासे काय तुझी लस खाणारेत?" तिची नात माझ्या त्रेचाळीस बाळांच्या यादीत आहे. आठ अंशांच्या वर ही लस टिकत नाही, म्हणून रोज दोनदा जाऊन पेटीच्या तापमापकाचा काटा बघत होते. तो सहाच्या पुढे गेला नाही.

आज मंगळवार, लस टोचण्याचा दिवस. सकाळी नऊ वाजता आया बाळांना घेऊन बसलेल्या असताना ओदोंगो साहेब जीपने आले. म्हणजे जीपला डिझेल होते. सरकारी माल खासगी इसमाकडे ठेवला अशी फिर्याद देऊन त्यांनी पेटी बर्फातून काढली आणि या ठाण्यात जमा केली.

माल मी ठेवला, हे कबूल आहे. त्याची मला लाज वाटत नाही. जबाब लिहिणाऱ्या हवालदारांना मी म्हटले, पेटी तेवढी बर्फात ठेवू द्या, मग मला खुशाल कोठडीत घाला. ते म्हणाले, "मावशी, मुद्देमाल आहे तो. कोर्टाच्या हुकुमाशिवाय हात लावता येत नाही." नेरिया बर्फाची बादली घेऊन बाहेर पायरीवर बसली आहे. तिला आत सोडत नाहीत.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. एवढीच भर घालावी की, जबाब सुरू केला तेव्हा पेटीचा काटा सातावर होता. सही करताना तो एकोणिसावर आहे.