कोल्ह्याचा रकाना

सप्टेंबरातली सकाळ. किडनीच्या दवाखान्यात आम्ही अमेरिकेतल्या नवाहो जमातीची माणसं नंबर लागायची वाट बघत होतो. माझ्या शेजारी ग्लॅडिस आजी आणि तिची कॉलेजात शिकणारी नात शांडीन.

“आजी, रेकॉर्डिंगला फोन चालू केलाय. सांग ना कोल्ह्याची गोष्ट.”

“बर्फ पडू दे. साप जागे असताना त्याच्या गोष्टी सांगायच्या नसतात, माहीत नाही तुला?”

“निबंध सोमवारी द्यायचाय.”

“मग तुझ्या सरांनाच सांगू दे.”

“सर म्हणतात, असा एक लबाड जगभरच्या गोष्टींत असतो. कुठे कोल्हा, कुठे कोळी, कुठे ससा. त्यांनी एकेका पात्राचे रकाने पाडून दिलेत.”

“आणखी कोण कोण आहे त्या रकान्यांत?”

“शहाणी म्हातारी. ती नायकाला वाट दाखवते.”

“आणि मग?”

“मग मरते. गोष्ट अर्ध्यावर आली की.”

“अगं बाई! का?”

“त्याने पुढे एकट्याने जावं म्हणून.”

“फोन का बंद केलास?”

“आजी, बर्फ पडायला अजून तीन महिने आहेत. आणि डॉक्टर म्हणाले…”

“ऐकलंय मी. बहिरी नाही झाले अजून. कोल्ह्याचं काय होतं शेवटी?”

“तो मेला तरी परत उठून बसतो.”

“हळू बोल, बये, साप ऐकतील. मला त्याच्या रकान्यात घाल. आणि घरी गेल्यावर हिवाळ्यासाठी लाकडं फोडायला लाग. गोष्ट मोठी आहे, शेकोटी विझायला नको.”