जिवंत चुंबकांची ऑर्डर

नाही नाही, घड्याळही काढा मॅडम — मोबाइल, कार्डं, सगळं इथं टेबलावर ठेवा. आतली चुंबकं कुणाची भीड बाळगत नाहीत. आणि छातीत पेसमेकर वगैरे बसवलेला नाही ना? रागावू नका, येईल त्याला विचारते मी. पाटी? पेसमेकरवाल्यांनी आत येऊ नये, ती? होती की — ती चार भोकं दिसतायत ना दारावर, तिथंच होती. काढली. रंग उडाला होता तिचा... म्हणजे, रंग काही उडाला नव्हता. बसा ना, उभ्या का?

तुमच्या पवनचक्क्यांचं काम म्हणजे, खरं सांगू? जिवावरचं काम. आधी कसं, जुनी मोटार आली की सरळ भट्टीत. तापलं की चुंबक मेलं, मग फरशीच्या तुकड्यासारखं कुणीही उचलावं. पण तुम्हाला हवीत जिवंत, काढली तशी नव्या यंत्रात बसवायला. बरोबरच आहे तुमचं, उगाच नवी खाण कशाला खणायची — पण जिवंत चुंबक काढायचं म्हणजे पितळी हातोडी, लाकडी पाचर, आणि ओढायचं नाही, बाजूला सरकवत सरकवत छातीशी घ्यायचं. ते दादालाच जमतं. माझा थोरला भाऊ. नाही, तो आत नसतो हल्ली, आजारी होता ना, आत दुसरा कारागीर — अहो, कसला दुसरा! दादाच आहे आत.

हो, त्याच्याच छातीत बसवलंय ते मशीन. असं बघू नका माझ्याकडे. डॉक्टर बोलले ते त्याला कुठं ऐकू येतंय? जन्मभर ठोकून ठोकून कान गेलेत त्याचे, माझा आवाज तेवढा कळतो, तोही कानाशी ओरडले तर. डॉक्टर म्हणाले, चुंबकाच्या आसपासही फिरकायचं नाही, मशीन भलतंच चालायला लागेल. आणि मी काय ओरडले त्याच्या कानात? थोडं जपून कर म्हणतायत. तुमची ऑर्डर तोंडावर आली होती ना! तो म्हणाला, मग पाटीचं काय? मी म्हटलं, ती जुन्या मशीनवाल्यांसाठी, तुझं नवीन आहे. हसला. म्हणाला, तू आहेस म्हणून मला काळजी नाही. परवा जिन्यात भिंत धरून उभा होता — विचारलं तर म्हणे, गरगरलं जरा, ऊन लागलं असेल. जिन्यात कसलं आलंय ऊन? मला कळलं हो, लगेच कळलं. तरी आज सकाळी त्याच्या हातात हातोडी मीच दिली. माझी मला लाज वाटते.

नाही, तुम्ही आत नाही जायचं. ऑर्डर दुसरीकडे द्या, नाहीतर भट्टीतली मेलेली न्या, काय करायचं ते करा. मी आणते त्याला बाहेर आणि सांगते सगळं. पण हळू सांगून त्याला ऐकू जायचं नाही, ओरडूनच सांगावं लागणार, आणि ते तुमच्यासमोर मला जमायचं नाही. निघा तुम्ही. जाताना दार ओढून घ्या.