चाळीसवरची स्वरा

"डॉक्टरांनी सांगितलेला आकडा घरी जसाच्या तसा सांगू नकोस," असं जाऊबाईंनी मला बजावलं होतं. मी हसण्यावारी नेलं. परवा सुरतेत उधन्याच्या दवाखान्यात बाळाला लस द्यायला बसले होते. शेजारी तूपभाताची वाटी घेतलेले एक आजोबा, त्यांची सून आणि तिच्या मांडीवर वर्षभराची नात.

"घे वं माय, अजून एक घास."

"आबा, पुरे. आत्ताच ओकली ती."

"वर्षा, डॉक्टर काय म्हणाले? वजनात स्वरा चाळीसवर. आमच्या कापडाच्या खात्यात लूम चाळीस टक्के चालला, तर शेठ मास्तरला फाडून खातो."

"स्वरा लूम नाहीये."

"तेच म्हणतो. लूमला तेल घालतात, हिला तूप."

"अहो, ते टक्के नाहीत. तिच्या वयाच्या शंभर पोरी वजनाप्रमाणे रांगेत उभ्या केल्या, तर चाळीस तिच्यापेक्षा हलक्या निघतील. तब्येत छान आहे म्हणाले."

"चाळीस जणी हिच्या मागे?"

"हो."

"मग आधी सांगायचं ना. माझी झोप उडाली होती."

"सांगत होते. तुम्ही तूप आणायला गेलात."

"बरं, हिला आता नको. पण त्या चाळीस जणींना कोण भरवतंय?"

"आबा, बसा खाली. आबा, वाटी ठेवा ती."

तुमच्या शेजारी एखादी हलकीशी पोर असेल, तर जरा डोकावून या. आजोबा वाटी घेऊन निघालेत.