हौसाबाईंचा ‘ह’

अगं, पोरांना शिकवणं सोपं असतं. सासू आणि सून एका वर्गात बसवून बघ! साक्षरता मोहीम जोरात होती तेव्हा शिराळ्याजवळच्या एका गावात मी दुपारी देवळात बायकांचा वर्ग घ्यायचे. एकदा शालनने फळ्यावर स्वतःचं नाव लिहिलं. मी तिचं कौतुक केलं आणि तिच्या सासूला, हौसाबाईंना, बोलावलं. त्यांना ‘ह’ काही जमेना. सगळ्या हसल्या, शालनही हसली.

हौसाबाईंनी खडू फेकला. “सुनंम्होरं माजी शोभा करताय व्हय? न्हाई शिकायचं मला!” त्या तरातरा निघाल्या आणि गावात त्यांचा शब्द मोडायची कुणाची टाप नव्हती, म्हणून त्यांच्या मागोमाग सगळा वर्ग उठून गेला.

मला रडू येत होतं, पण वर्ग मोडू द्यायचा नव्हता. पाटी घेऊन मी थेट त्यांचं घर गाठलं. हौसाबाई शेंगा फोडत बसल्या होत्या.

“जावा बाई तुमी.”

“जाते. आधी ‘ह’ काढा.”

“आन् न्हाई आला तर?”

“तर उद्या परत येईन.”

मीही शेजारी बसून शेंगा फोडायला लागले. बऱ्याच वेळाने त्यांनी पदराला हात पुसले आणि पाटी ओढली. वाकडा का होईना, ‘ह’ आला.

दुसऱ्या दिवशी देवळात गेले, तर हौसाबाई सगळ्या बायकांना घेऊन हजर! शालन शेजारी टेकायला गेली, तशी त्यांनी पाटी पदराआड केली.

“तिकडं सरक. माजं बघून लिवशील.”